इवल्या गाड्यांची कव्हरं

मी मॉडेल गाड्यांना कव्हरं शिवतो म्हटलं, की वरोऱ्यात लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे कीव आल्यासारखं बघतात. बोटभर लांबीच्या हुबेहूब गाड्या. शौकीन लोक त्या काचेच्या कपाटात मांडतात. त्यातली एखादी अंगणात झाकून ठेवल्यासारखी दिसावी म्हणून ते माझ्याकडून कव्हर मागवतात. शाळेत चित्रकला शिकवून उरलेला वेळ मी यात घालतो. मला त्याचा गर्व होता.

सगळा खेळ कापडाचा. दुकानातली तलम मलमलही एवढ्याशा गाडीवर पोत्यासारखी दिसते. धुऊन धुऊन जीव गेलेलं कापड हवं. गाडीला पातळ प्लास्टिक गुंडाळायचं, शिवलेलं कव्हर चढवायचं, डिंकाचं पाणी लावायचं आणि सुईच्या टोकाने एकेक चुणी पाडायची. वाळलं की ते गाडीचा आकार धरून अलगद निघतं.

तसं कापड घरातच सापडलं. आई मावशीकडे चिमूरला गेली होती. तिची गोधडी कोपऱ्यात उसवली होती आणि आतून पांढरं डोकावत होतं. गोधडीच्या पोटात जुनी लुगडी असतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी टाके काढले. सगळ्यात आतला थर हाताला लागला आणि मी खूश झालो. आईला विचारायचं सुचलंसुद्धा नाही. बरंचसं विरलेलं होतं. धड निघालं त्यात सात कव्हरं झाली. सहा गिऱ्हाइकांना गेली, एक मी ठेवलं. उरलेल्या चिंध्यांनी ब्रश पुसले आणि गोधडी पुन्हा टाचून टाकली.

आई परतली, गोधडीवर बसली आणि तिने हात फिरवला.

"पातळ काऊन लागून राह्यली?"

मी हसत कपाटातली झाकलेली गाडी तिच्यापुढे धरली. तिने कव्हर उचललं, उलटं केलं. कडेला जुनं रफू होतं. त्यावर तिचं बोट थांबलं.

"हे माया मायचं लुगडं होय. दीक्षेले गेली तवा हेच नेसली होती."

मी सुन्न झालो. आजीच्या छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या कथा मी लहानपणापासून ऐकल्या होत्या. तो दिवस कापडाच्या रूपात आमच्या घरात होता आणि मी त्याने ब्रश पुसले होते. कधी सांगितलं का नाहीस, असं मी उलट तिलाच विचारलं. मला त्याचीही लाज वाटते.

"पेटी कोणीबी उघडते," ती म्हणाली. "गोधडी कोण उसवते?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने गरम पाणी मागितलं आणि कव्हर त्यात बुडवलं. डिंक सुटला, गाडीचा आकार गेला, आणि तिच्या तळहातावर रुमालाएवढंही कापड उरलं नाही. ते खाटेवर पसरत तिने विचारलं, बाकीचं कुठे आहे. मी सांगितलं, पुण्याला, बंगळुरूला, एक तर परदेशात.

"त्याईले सांग," ती म्हणाली, "थे फडकं नोहे म्हणा."

सहाही जणांचे पत्ते माझ्याकडे आहेत. अजून एकालाही कळवायची माझी हिंमत झालेली नाही.