पत्र्यावरच्या दोन मुली

आधीच सांगते, कुणी भुताखेतांचा विषय काढला की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये सतरा वर्षं झाली. स्लाइडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही... मला एवढंच कळतं. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय.

मागच्या वर्षी आमच्या गंगापूर रोडला कुणीतरी चित्रं लावायला लागलं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, घरच्या ऑइलपेंटने रंगवलेली, तळहाताएवढी. कधी झाडाला तारेने बांधलेली, कधी कंपाउंडच्या भिंतीवर चिकटवलेली. द्राक्षं खाणारी मांजर, स्कूटरवर बसलेली म्हैस... खाली नाव नाही, काही नाही. लोक थांबून फोटो काढायचे. लॅबमधली माझी मैत्रीण प्रणाली तर रोज नवीन चित्र शोधायची.

एका मंगळवारी सकाळी साडेनऊला आम्ही दोघी लॅबकडे चाललो होतो. बसस्टॉपच्या खांबापाशी ती थबकली. "अगं, हे बघ, नवीन! किती गोड आहेत मुली."

मी वाकून बघितलं.

मागे डोंगर, रेल्वेची पिवळी क्वार्टर्स, पुढे गढूळ पाण्याचा ओढा. धाकटी मुलगी एका पायावर उभी. थोरलीने हात उगारलेला, आणि त्या हातात धाकटीची निळी चप्पल — ओढ्यात भिरकावण्याच्या बेतात. चपलेच्या तुटलेल्या पट्ट्याला सेफ्टी पिन. ती पिन रंगवलेली नव्हती. खरी, बारीकशी पिन पत्र्यात अडकवलेली होती.

माझं लहानपण इगतपुरीचं, वडील रेल्वेत. मी नऊ वर्षांची होते, बहीण मंजू सहा. भर पावसाळ्यात क्वार्टर्समागच्या ओढ्यात ती वाहून गेली. "चप्पल वाहत चालली होती, ती आणायला उतरली," असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं हे, की आमचं भांडण झालं होतं आणि रागाच्या भरात तिची चप्पल मीच फेकली होती. "जा, आण आता," असंही म्हणाले होते. एकतीस वर्षं हे माझ्या पोटात होतं. नवऱ्यालासुद्धा माहीत नाही.

"काय झालं गं? पांढरी पडलीस," प्रणाली म्हणाली. तार पिळून चित्र सोडवलं, पर्समध्ये टाकलं आणि रिक्षा करून थेट घरी आले.

आई माझ्याकडेच असते. "लॅबला नाही गेलीस?" तिने विचारलं. काहीतरी थाप मारायची होती, पण जमलंच नाही. मी चित्र तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने चष्मा लावला. मग पिनेवरून बोट फिरवलं.

"ही मी लावली होती. त्याच सकाळी." आणि हळूच, "तू फेकलीस?"

मी मानेनेच हो म्हटलं. आई उठली, आत गेली, दार लावून घेतलं.

दोन दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मेथी निवडत होते, तर समोर येऊन बसली.

"डोकं दुखत होतं माझं. मंजूला जरा बाहेर घेऊन जा, असं मीच तुला म्हटलं होतं. एवढ्या पावसात... हे मी तुझ्या बाबांना कधीच सांगितलं नाही."

त्या दुपारी आम्ही दोघी किती रडलो, काय सांगू.

नंतर मी खूप शोध घेतला. बसस्टॉपशेजारी फुलं विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पहाटेपासून इथंच बसेल हाय मी, ताई. खांबाला कोणी हात लावला नाय." चित्रं अजूनही लागतात, लावणारा मात्र कुणालाच दिसलेला नाही. इगतपुरीचं कुणी असेल, लांबून बघितलं असेल — सगळे तर्क करून झाले. पण त्या पावसात चार हातांवरचं दिसत नव्हतं. लांबून पिन कशी दिसेल? मला खरंच काही कळत नाही.

चित्र आईने स्वतःच्या कपाटात ठेवलंय. परवा ते पुसता पुसता ती थांबली.

"तिथे आणखी कोण होतं गं?"

"कोणीच नाही, आई. आम्ही दोघीच होतो."