केरबानानांचा भोंगा

केरबानाना एका पायानं अधू, तरी रोज पाण्याच्या टाकीच्या सत्तर पायऱ्या चढायचे. पासष्टच्या लढाईत टाकीवर भोंगा बसवला होता. लढाई संपली, भोंगा राहिला. तो रोज बाराला वाजवायचं काम नानांकडे आलं. अठरा वर्षांत मिनिटाची चूक नाही. रेडिओ पुढंमागं झाला तर रेडिओ चुकला म्हणायचे, एवढा ताठा. आमची ओढ्याकाठची गल्ली त्या भोंग्यावर घड्याळं लावायची आणि जेवायला बसायची.

संकटाचा भोंगा वेगळा. बटण चालू-बंद करून आवाज चढवायचा, उतरवायचा. नाना हे पोटतिडकीनं सांगायचे आणि आम्ही नुसत्या माना डोलवायचो.

त्र्याऐंशीच्या श्रावणात एक दिवस पाऊस उघडून लख्ख ऊन पडलं. सगळे निर्धास्त. सव्वाअकराला नानांना वरून दिसलं, की नदी फुगलीय आणि ओढ्यातून पाणी उलटं चढत आमच्या परसांकडे येतंय. त्यांनी संकटाचा भोंगा दिला.

आम्ही काय केलं? घड्याळं पाऊण तास पुढं केली आणि ताटं मांडली. खोटं कशाला सांगू.

गल्लीत हालचाल दिसेना. लंगडत खाली पोचेपर्यंत पाणी आधी पोचलं असतं. मग नानांनी मुद्दाम रोजचा साधा, बाराचा भोंगा दिला. पाच मिनिटांनी आणखी एकदा. तिसऱ्यांदा बारा वाजले तेव्हा मात्र आमचं टाळकं फिरलं. हातातला घास टाकून आम्ही दहा-बारा जण टाकीवर चढलो. पार्श्वनाथ पाटलानं नानांचं बखोट धरलं.

"खुळं झालासा काय, नाना?"

"मारा की," नाना म्हणाले. "पर आदी मागं वळून बघा."

बघितलं. परसांमागं सगळं तांबडं पाणी, गोठ्याच्या उंबऱ्याला टेकलेलं. धावत उतरलो. पोरंबाळं, जनावरं बाहेर काढली, अंथरुणाला खिळलेल्या बाळाबाईंना खाटेसकट उचललं. अर्ध्या तासात आमची ताटं पाण्यावर तरंगत होती.

अठरा वर्षं जपलेला नेम त्या माणसानं आम्हाला चिडवायला मोडला. एवढं मोठं मन मी दुसरं पाहिलं नाही.

पूर ओसरल्यावर परतलो, त्या दिवशी बरोबर बाराला भोंगा झाला. घड्याळाला कुणी हात लावला नाही. सगळी गल्ली आधी परसदारी जाऊन ओढा बघून आली, मग जेवायला बसली.