थाप

काशीराम गोताड कबड्डीच्या मैदानात डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा, आणि उभा राहायचा म्हणजे काय, तर तिथं नसल्यासारखा. हात मांड्यांवर सैल, मान खाली, एस.टी.ची वाट बघता बघता पेंग यावी तसा. चढाईला येणारा गडी त्याच्याकडे एकदा बघायचा आणि मनाशी ठरवायचा, ही बाजू मोकळी आहे. मग तो पाय टाकायचा. तो पाय परत जायचा नाही.

"तोंडाकडं काय बगायचं?" काशीराम म्हणायचा. "तोंड फसवतं. घोटा कुठं फसवतोय?"

पालीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून तो रत्नागिरीत कॉलेजला आला होता. मधे नापास होत होत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला पोचला, तेव्हा बरोबरची मुलं नोकरीला लागून लग्नंसुद्धा करून बसली होती. थोरला भाऊ रावजी गिरणीत होता. संप झाला, संप सरला, गिरणी काही उघडली नाही, आणि रावजी ट्रंक घेऊन वाडीला परत आला. तेव्हापासून घरात नोकरीचा विषय निघाला की सगळ्यांची नजर काशीरामकडे जायची. पुस्तकांकडे नाही, पायांकडे.

कॉलेज सुटलं की कॉलेजची कबड्डीही सुटणार होती. त्यापुढे त्याला बघायला कोण येणार? म्हणून पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात मुंबईच्या एका औषध कंपनीचा संघ प्रदर्शनी सामने खेळायला रत्नागिरीत आला, तेव्हा कॉलेज जिमखान्याच्या आठल्ये सरांनी त्याच्यासाठी जंग जंग पछाडलं. कंपनीचा डावा कोपरा म्हातारा झाला होता. जागा एकच होती, आणि जागा म्हणजे संघातलीही आणि कारखान्यातलीही, कायमची. माणूस निवडणार होते संघाचे दादू सुर्वे. स्वतः जुने खेळाडू. बोलायला गोड आणि घेताना कडक.

सामन्याआधी त्यांनी काशीरामला मैदानाच्या कडेला उभं केलं.

"बूट काढ."

"नायतच, साहेब."

दादूंनी खाली बघितलं. घोट्यापर्यंत लाल मातीचा रंग, टाचांना भेगा.

"उकिडवा बस. टाच उचलू नको. ऊठ. परत बस." मग ते सरांकडे वळले आणि काशीराम समोर असून नसल्यासारखं म्हणाले, "उंची कमी आहे."

"कोपऱ्यात उंच माणूस घेऊन काय माडावरचे नारळ काढायचेत तुम्हाला?" आठल्ये सर म्हणाले.

"मुंबईचे चढाईवाले हल्ली उड्या मारतात, सर. डोक्यावरून जातात."

"ह्याच्या डोक्यावरून कोणी गेलाय का, ते विचारा."

"गेलाय का रे कोणी?"

"एक गेला व्हता," काशीराम म्हणाला. "परत जाताना नाय जमलं त्याला."

दादू हसले. त्यांनी त्याचं मनगट दाबून बघितलं, बोटं उलटी करून बघितली. "हे कशानं कमावलंस? व्यायामशाळा?"

"बर्फ. मिरकरवाड्याच्या बंदरावर पहाटे लाद्या उचलतो. ओली लादी धरायची तर बोटं आशी घालावी लागतात." त्यानं करून दाखवलं.

"निसटत नाही?"

"निसटली तर पायावर येते."

दादू सरांना हळूच म्हणाले, "पोरगं बरं आहे." आठल्ये सरांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

कंपनीचा हुकमी चढाईपटू होता सदू. लांब टांगांचा, हसऱ्या तोंडाचा, पोरींकडे बघत दम घुमवणारा. पहिल्या दोन चढायांत काशीरामनं त्याला घोट्यावर असा उचलला की तो धूळ झटकत स्वतःशीच हसला. तिसऱ्यांदा सदूनं आतून लाथ फेकली. काशीरामनं ती हवेतच धरली. सदू त्याच्या अंगावर आला, पाय झाडू लागला, आणि झाडता झाडता त्याचा हात काशीरामच्या पाठीवर पडला. दोनदा.

काशीरामनं सोडलं. हंडा खाली ठेवावा तसे त्याने हात अलगद उघडले आणि तो बाजूला झाला.

सदूला काही कळलंच नाही. क्षणभर तो नुसता पडून राहिला. मग भानावर येऊन त्याने हात लांब केला आणि मध्यरेषेला लावला. पंचांनी गुण दिला. आठल्ये सरांनी कपाळावर हात मारला.

मध्यंतरात दादू काशीरामजवळ आले.

"का सोडलास?"

"त्यानं थाप मारली."

"कसली थाप? दम घुमवत होता तो. बोलला कधी?"

"बोलला नाय. पाठीवर मारली. दोनदा."

दादूंनी सरांकडे बघितलं, सर जमिनीकडे बघत होते. मग काशीरामनेच सांगितलं. त्यांच्याकडे भात कापून झाल्यावर मोकळ्या मळ्यात खेळतात. पंच नसतो. पकडलेल्या गड्याला तोंडानं "सोड" म्हणता येत नाही, कारण बोलला की दम तुटतो, आणि दम तुटला म्हणून बाद व्हायची लाज वाटते. म्हणून तो धरणाऱ्याच्या पाठीवर दोन थापा मारतो. थाप बसली की सोडायचं. तो उठून आपला आपण बाहेर जातो. पाय मुरगळून घरी गेला तर त्याचा नांगर कोण धरणार?

"आणि थाप मारून रेषेकडे पळाला तर?" दादूंनी विचारलं.

काशीरामनं खरोखर विचार केला. "कशाला पळंल?"

"आमच्याकडे थाप मारली म्हणजे खोटं बोलला. काय समजलं?"

"तशी थाप पण हाय की आमच्यात," काशीराम म्हणाला. "पण ती तोंडानं मारतात."

शेजारीच पाणी पीत बसलेल्या सदूनं हे सगळं ऐकलं.

दुसऱ्या डावात सदू सरळ काशीरामच्या अंगावर आला, पाय त्याच्या हातात जवळजवळ नेऊनच दिला, आणि पाठीवर दोन थापा मारल्या. काशीरामचे हात उघडले. डोक्याला कळत होतं, हातांना कळत नव्हतं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग बघ्यांना गंमत सुचली. सदू मध्यरेषा ओलांडायचा तेवढ्यात कुंपणावरून आवाज यायचा, "मार रे थाप," आणि अख्खं मैदान हसायचं. काशीरामच्या कॉलेजचीच पोरं हसत होती.

संध्याकाळी दादू सरांना म्हणाले, "नजर आहे. पकड आहे. पायात जोर आहे. पण हे बिनकडीचं दार आहे, सर. कोणीही यावं, ढकलावं."

"एवढी एकच सवय आहे हो ती."

"एकच आहे, आणि ती सदू सगळ्या मुंबईला सांगत सुटेल. उद्या सकाळी आम्ही परत खेळतोय. उद्या बघतो. पण उद्याच. दुपारची गाडी आहे आमची."

रावजी सामना बघायला वाडीहून आलाच होता. त्यानं भाकरीचं फडकं सोडलंही नाही. कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यानं लेंगा वर खोचला.

"मी येतो चढाईला. मी थाप मारणार. तू नको सोडू."

"कसा नको सोडू?"

"मी सांगतोय म्हणून."

रावजी आला, धरला गेला, थाप मारली. काशीरामनं सोडलं. परत आला. परत सोडलं.

"जल्लं तुजं हात ते," रावजी म्हणाला.

"दादा, मी नाय सोडत. ते सुटतंय."

रावजी धापा टाकत मातीतच बसला. "गिरणीच्या गेटावर आमाला काय सांगितलं व्हतं, ठावं हाय? शांत बसा, गेट उघडणार. आमी बसलंव. शांत बसलंव. तुज्यासारकंच." मग तो उठला. "आता समज, माजी थाप म्हंजे त्या गेटावरची थाप. ये, धर."

या खेपेला काशीरामनं धरलं ते धरलंच. रावजी थापा मारत होता आणि हसत होता, "आसाच, आसाच." मग त्याचं हसणं थांबलं. "काश्या, बस." थोड्या वेळाने वेगळ्याच आवाजात, "काश्या, आरं खरंच बस." तेव्हा कुठे काशीरामचे हात उघडले.

रावजी घोटा चोळत राहिला. चेहरा वेडावाकडा झाला होता, पण खूश होता. "जमलं तुला."

"दादा, खरी कुठली नि खोटी कुठली, कसं कळायचं?"

"कळायचं नाय. धरून ठेवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सदू डोळा मारतच आला. पाय दिला, थाप मारली. काशीरामनं धरून ठेवलं. सदूनं दुसऱ्यांदा मारली, जोरात, ऐकू येईल अशी. काशीरामनं डोळे मिटून घेतले आणि धरून ठेवलं. बाकीचे गडी धावून आले आणि सदू बाद झाला. कुंपणावरची पोरं गप्प झाली. पुढच्या चढाईला परत तसंच झालं. दादू खुर्चीत पुढे सरकून बसले.

"कडी बसवलीत की, सर, एका रात्रीत."

"त्याच्या भावानं," आठल्ये सर म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. रावजी मैदानाच्या पलीकडून हात वर करून उभा होता. सकाळच्या त्या तेवढ्या वेळात काशीरामला नोकरी लागलेली होती. सरांना, रावजीला, काशीरामला, तिघांनाही तसंच वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

डाव संपायला आला तेव्हा सदू शेवटच्या जोरानं आत शिरला. त्याचा पाय एका खळग्यात रुतला. काशीरामनं गुडघा धरला आणि त्याच क्षणी मधला गडी दोघांच्या अंगावर कोसळला. सदूचा हात काशीरामच्या पाठीवर पडला. दोनदा. मग आणखी. मग मोजता येऊ नये इतक्यांदा. काशीरामनं डोळे मिटले होते. सदूचा दम केव्हाच तुटला होता, पण गलक्यात पंचांना ते कळलं नाही, शिट्टी उशिरा वाजली. सगळे उठले, सदू उठला नाही. त्याचा गुडघा भलत्याच बाजूला वळला होता.

तो ओरडला नाही. त्याने काशीरामकडे बघून हळू आवाजात म्हटलं, "मी मारत होतो ना रे थाप."

त्याला जीपमधून सिव्हिलला नेलं. पंच म्हणाले, पकड नियमात आहे, खेळ पुढे चालू. काशीराम डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. नंतर चढाईला आलेल्यांनी त्याच्या पुढ्यात पाय टाकले. त्यानं हात पुढे केला नाही. एकाचा पाय त्याच्या मांडीला घासून गेला, काशीराम बाद झाला, आणि बाहेर जाऊन बसला. सुटल्यासारखा.

"नियमात त्याची काही चूक नाही," दुपारी दादू गाडी गाठायला निघाले तेव्हा आठल्ये सर त्यांच्या जीपच्या दाराशी उभे राहून म्हणाले.

"नाही. आणि मी त्याला दोषही देत नाही. सदूला विचारलंत तर तोही देणार नाही."

"मग?"

"काल हा सगळ्यांना सोडत होता, सर. ते मोडता आलं. आता हा कोणाला धरणार नाही. असे झालेले गडी मी बघितलेत. सराव छान करतात, अंगाला माती लावतात, पाय समोर आला की बोटं गळतात. ह्यावर माझ्याकडे औषध नाही, आणि कंपनी औषधाचीच आहे."

"थोडा वेळ द्या त्याला. वर्षभर."

"जागा आत्ता आहे."

दादूंनी खेडकडचा एक मुलगा घेतला. बरा होता. काशीरामएवढा नव्हता, हे दादूंनाही माहीत होतं आणि त्यांनी ते सरांपाशी बोलूनही दाखवलं. त्या बोलण्याचं सरांनी पुढे काय करावं, ते मात्र सांगितलं नाही.

परीक्षा संपायच्या आधीच काशीराम वाडीला आला. बर्फाचं कामही त्यानं सोडलं होतं. लाद्या हातून निसटायला लागल्या होत्या, असं मुकादम म्हणाला. रावजीला वाटायचं, भावाचं नाव तरी राहायला हवं. तो पारावर बसून सांगायचा, "मुंबईचा हुकमी गडी व्हता. थापा मारून मारून दमला, पण आमच्या काश्यानं सोडलं नाय. सिव्हिलला न्यावा लागला." ऐकणारे मान हलवायचे. रावजीला वाटायचं, कौतुकानं हलवतायत.

शिमग्याला मळ्यात डाव मांडले. काशीराम डाव्या कोपऱ्यात उभा राहिला. पहिला गडी उजवीकडून जाऊन आला. दुसराही. दुपार कलली तरी डावीकडे कोणी पाय टाकला नाही.

"ये की रे हिकडं," काशीराम चढाईला आलेल्या शेजारघरच्या विठूला म्हणाला. "मी धरत पण नाय."

विठूनं दम घुमवायचं थांबवलं. तसा तो बाद झाला, पण कोणी बाद म्हटलं नाही. "नको रे, काश्या," तो म्हणाला. "माजी लावणी हाय पावसाळ्यात."

त्यात राग नव्हता. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला सांगावं तसंच तो बोलला. नंतर पोरापोरांत काहीतरी कुजबूज झाली. थाप मारली म्हणून कोण सोडील आणि कोण सोडणार नाही, हे आता सांगता येत नाही, तर एक पंच असलेला बरा, असं ठरलं. त्या मळ्यात आजवर पंच नव्हता. कोणीतरी पालीच्या दुकानातून शिट्टी आणली. ती कोणी वाजवायची, यावर फारशी चर्चा झाली नाही.

"काश्या, तुला नियम ठावं हायत," विठू म्हणाला आणि त्यानं ती त्याच्या हातावर ठेवली.