मरायच्या आधी कोण भेटलं?

"मरायच्या आधी हिला कोण कोण भेटलं?" मेलेली शेळी दिसली, की बाईंचा पहिला प्रश्न हाच. आधी आम्हाला वाटलं, पोलीस खात्यातल्याच असाव्यात.

पण त्या शास्त्रज्ञ होत्या. रानातल्या जनावरांचे रोग गावातल्या जनावरांत कसे येतात, हे शोधायला श्रीगोंद्याकडच्या आमच्या उसाच्या पट्ट्यात आल्या होत्या. माझं दूध संकलन केंद्र. सकाळी दुधाबरोबर साऱ्या गोठ्यांच्या बातम्या इथंच येतात, हे त्यांनी दोन दिवसांत हेरलं आणि पालथ्या कॅनवर बैठक मारली. ऐकलेलं सगळं माझ्या पांढऱ्या भिंतीवर कोळशानं काढायच्या. कोल्हा, कुत्रं, शेळी आणि मधे बाण.

"बाई, शाळा भरवताय का हितं?" मी चिडवायचो. त्या हसायच्या आणि आणखी एक बाण काढायच्या.

एकदा माझीच गाय लाळ गाळायला लागली. घशात उसाचं कांडं अडकलं असेल म्हणून मी कोपरापर्यंत हात घातला. आमच्याकडं कुणीही हेच करतं. हाताला काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी गाय गेली.

बाई आल्या. प्रश्न तोच.

"म्हयन्यामागं एक कुत्रं घुसल्तं गोठ्यात. उसात कोल्ह्याशी भांडून आल्यालं. गाईला जरासा ओरखडा हुता."

"आणि तिच्या तोंडात हात कुणी घातला?"

जन्म गेला जनावरांत. चुकलो म्हणायची लाज वाटली. "कुनीच न्हाई."

त्यांनी माझा उजवा हात उजेडात धरला. उसाच्या पात्यांनी जागोजाग कापलेला. "खरं सांगा, दादा. हे पिसाळणं आहे. माणसात उमटलं, की औषध नाही."

"घातला हुता. म्या."

त्यांनी साबणानं हात धुवायला लावला, कितीतरी वेळ. मग जीपमध्ये घालून थेट दवाखान्यात. सुईला मी डोळे मिटले, तर म्हणाल्या, "गाईच्या दातांना भ्याला नाहीत, आणि आता?"

परत आल्यावर त्यांनी भिंतीवर कुत्र्यापुढं गाय काढली, तिच्यापासून एक नवा बाण ओढला आणि पुढं माझं नाव लिहिलं. मला भयंकर राग आला.

"पुसा की ते, बाई."

"इतक्यात नाही."

सगळ्या सुया झाल्या, तरी नाही. ऊस तुटून रानं मोकळी झाली, बाईंचं काम संपलं. निघायच्या दिवशी त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि तळहातानं तो बाण पुसला. मला रडू आवरेना.

यंदा केंद्राला रंग दिला. तेवढी भिंत सोडायला सांगितली. तिथं गाय आहे, माझं नाव आहे, आणि दोघांच्या मधे त्यांच्या तळहाताचा काळा फराटा.