न आलेल्या विजेचा फोटो

त्या वर्षी आमच्या गावात विजेचे खांब आले आणि वीज आली नाही. मी तेव्हा गावच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. वीज पोचलेलं तालुक्याचं दारव्हा काही फार लांब नव्हतं, पण तारा वाटेत कुठेतरी थकल्या होत्या. मुख्य रस्त्यावर आठ खांब ओळीनं उभे होते आणि लोक त्यांना शेळ्या बांधत. खांब मजबूत होते, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

अशात सरपंचांना वरून पत्र आलं. जिल्ह्यातल्या प्रगत गावांची स्मरणिका निघणार होती, गावातल्या विकासाचा फोटो पाठवायचा होता. सरपंच मला घेऊन दारव्ह्याच्या एका फोटोवाल्या चाचांकडे गेले.

"चाचा, आमच्या गावची लाईट फोटोत पाह्यजे."

"आली का लाईट?"

"येऊन राह्यली."

चाचांनी चष्मा पुसला. "सरपंचसाब, कॅमेरा झूठ नाही बोलत." सरपंचांचं तोंड उतरलं. तसे चाचा हळूच म्हणाले, "पण त्याले लंबा टाइम उघडा ठेवला ना, तर तुमचं ऐकते."

युक्ती सोपी होती. अंधार पडला की कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा आणि भिंगाचं झाकण काढून ठेवायचं. मग एकानं अंगावर काळी घोंगडी घेऊन, लांब बांबूच्या टोकाला बॅटरी बांधून खांबाखाली जायचं. बॅटरी वर धरून तिचं तोंड कॅमेऱ्याकडे करायचं, वीस मोजायचे, बांबू खाली घेऊन बॅटरी घोंगडीत लपवायची आणि पुढच्या खांबाकडे पळायचं. अंधारात पळणारा माणूस कॅमेऱ्यातल्या काचेवर उमटत नाही, उजेड तेवढा उमटतो. चित्रकलेचा मास्तर म्हणून हे उजेड रंगवायचं काम माझ्याकडे आलं.

सरपंच नवं धोतर नेसून पहिल्या खांबाखाली उभे राहिले. त्यांच्यासाठी बाजूला एक कंदील ठेवला होता. "बिलकुल हलू नका," चाचांनी बजावलं. पण मी तिसऱ्या खांबाशी पोचेपर्यंत माणसं जमली, आणि माणसं दिसली की सरपंचांना भाषण यायचं. हातवारे करत त्यांनी गावाची प्रगती समजावून सांगितली.

दोन दिवसांनी चाचांनी फोटो दाखवला. आठही खांबांवर असे झकास दिवे लागले होते की माझाच ऊर भरून आला. खाली सरपंचांच्या जागी टोपी घातलेला धूर होता. आणि त्या धुराशेजारी बसलेलं एक कुत्रं केसन् केस स्पष्ट आलं होतं.

"कुत्र्याले कोनं बलावलं होतं?" सरपंचांनी विचारलं.

"तेच एक चूप बसलं होतं, साब."

दुसऱ्या खेपेला आम्ही सरपंचांना उपरण्यानं खांबाला बांधलं. फोटो उत्तम आला. स्मरणिकेत छापला गेला, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरही लागला. शेजारची बाई तो पाहून आली नि मला म्हणाली, "मास्तर, फोटोत लाईट हाय, मंग माह्या घरात काहून नाई?" मी शाळेची घाई असल्याचं सांगितलं.

चार महिन्यांनी शेजारच्या गावात तारा ओढल्या गेल्या. सरपंच तरातरा यवतमाळला गेले, मलाही नेलं. तिथल्या वीज कचेरीतल्या साहेबांनी फायलीतून स्मरणिका काढली.

"तुमच्या गावात वीज आहे. यादीतून नाव कमी केलं."

"साहेब, नाई हो लाईट!"

"मग हे काय आहे?"

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर. शेवटी साहेब म्हणाले, "वीज नाही याचा पुरावा आणा."

पुन्हा चाचा, पुन्हा तिपाई. या वेळी मी बांबू न घेता नुसताच उभा राहिलो. चाचांनी आमच्या गावाचा अंधार अगदी इमानदारीनं काढून दिला. एवढा खरा फोटो त्यांनी आयुष्यात काढला नसेल. साहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत केला.

"हा बिघडला आहे. चांगला काढून आणा."

पुढे दोन वर्षं अर्ज चालले. एकदाचा खालचा एक कारकून गावात मुक्कामाला आला, ठेचकाळून नालीत पडला आणि त्याच्या अहवालावर आमचं गाव अंधारात असल्याचं मंजूर झालं.

वीज आली त्या दिवशी चाचा एका लग्नाचे फोटो काढायला पुसदला गेले होते. सरपंचांनी भाषण न करताच बटण दाबलं. मी घरी आलो तर आई दिव्याखाली उभी राहून भिंतींकडे बघत होती.

"काय वो, काय झालं?"

"इतक्या काळ्या होत्या का रे आपल्या भित्ती?"

सकाळी मी चुना आणायला गेलो. दुकानाशी अर्धं गाव उभं होतं.