रोज चुकणारी गोष्ट

बाबांची कोंबडीची गोष्ट डिलाईल रोडच्या आमच्या अख्ख्या चाळीला पाठ होती. लहानपणी ते काकांबरोबर मालवणहून आगबोटीने मुंबईला निघाले, तेव्हा त्यांच्या आईने टोपलीत एक काळी कोंबडी दिली होती. भर समुद्रात ती सुटली आणि बोटीवरची सगळी माणसं तिच्या मागे धावली. गिरणीतून आल्यावर, पुढे गिरणी बंद पडून वॉचमनची नोकरी करतानाही, बाबा ही गोष्ट सांगत आणि स्वतःच आधी हसत.

मागच्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. आम्ही बोललेलं सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द फुटेना. थोडे दिवस धडपडले, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले.

आई जन्मात कधी गोष्ट सांगणारी नव्हे. एका संध्याकाळी ती त्यांच्या कॉटवर बसली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या आईने ती पांढरी कोंबडी दिली होती ना?"

बाबांनी मान वळवली. जोरजोरात हलवली.

"आई, काळी गं," मी म्हटलं. तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

मग ती रोज गोष्ट सांगायची आणि रोज चुकवायची. आगबोटीची एसटी करायची, कोंबडीचा बोकड. बाबा डाव्या हाताने कॉट बडवायचे; पण आता तोंड तिच्याकडे असायचं. एकदा ती "पांढरी" म्हणाली तसा त्यांचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला आणि घशातून कसंबसं निघालं, "का... ळी."

आई पदरात तोंड खुपसून रडली.

त्यानंतर आणखी दोन-चार शब्द आले. 'बोट', 'पाणी', 'आये'. दिवाळीच्या तोंडावर दुसरा झटका आला आणि त्यात बाबा गेले.

बाराव्याला गावाहून आलेला चुलतभाऊ म्हणाला, "काकी, ती कोंबडेची गजाल सांग गो." आई सुरू झाली, या वेळी एकही चूक न करता. बोट सुटली तिथे थांबली. "नको रे," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

पुढे कितीतरी दिवस ती कामापुरतंच बोलायची. परवा भाजी निवडता निवडता अचानक म्हणाली, "आम्ही शिवडीला राहायचो ना, तेव्हा मला एक धाकटी बहीण होती."

मला अशी मावशी होती, हे मला ठाऊकच नव्हतं. मी टीव्ही बंद केला आणि तिच्याजवळ सरकून बसले.