संघ येणार म्हणे

फर्नांद लाशापेल माझ्या वरच्या मजल्यावर राहते आणि तिचा कशावरच विश्वास नाही. हवामानाच्या अंदाजावर नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या अंड्यांवर नाही, आणि माझ्यावर तर नाहीच. माझ्या हातचं वाटाण्याचं सूप ती आधी हुंगते आणि मगच चमचा उचलते. एकतीस वर्षांपासूनची शेजारीण आहे म्हणून मी खपवून घेते, दुसरी कोणी असती तर भांडं परत नेलं असतं.

लग्न झालं तेव्हा ती अशी नव्हती, असं तिचा नवरा रेआल सांगतो. तेवीस उन्हाळे ती आमच्या मॉन्ट्रियलच्या बेसबॉल स्टेडियमवर फाटकाशी उभी राहिली. तिकीट बघायचं, फिरतं दार सोडायचं, पुढचा. शेवटची काही वर्षं संघ जाणार, संघ जाणार अशी कुजबुज असायची, आणि विचारलं की कोणी ना कोणी हसून म्हणायचं, छे, कुठे जातोय! मग एका शरद ऋतूत संघ खरोखरच अमेरिकेला गेला. फर्नांदनं गणवेशाचा कोट धुऊन, इस्त्री करून परत केला आणि त्या दिवसापासून हसून बोलणाऱ्या माणसाकडे ती डोळे बारीक करून बघायला लागली. रेआलचं दुखणं वेगळं. तो प्रत्येक सामन्याचा हिशेब पेन्सिलीनं कागदावर उतरवणारा माणूस. त्यानं पेन्सिल ठेवून दिली आणि बेसबॉल हा शब्दच टाकला.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, पुढे बरीचशी परत आली. डॉक्टरांनी बजावलं की रोज चालला नाही तर पाय कायमचा आखडेल, आणि एकदा खाटेला खिळला की मग काही खरं नाही. रेआल खिडकीशी बसून राहिला. फर्नांदनं रागावून पाहिलं, गोडीनं पाहिलं, मेपलच्या पाकातलं पुडिंग करून दाराबाहेरच्या पायरीवर ठेवून पाहिलं. तो म्हणायचा, उद्या. एप्रिल संपला तरी त्याचा उद्या काही उजाडला नाही.

मे महिन्यात लोइक बूर्गुआं नावाचा तरुण आमचा जिना चढून आला. बेसबॉलचे सगळे संघ चालवणारी अमेरिकेतली लीग म्हणे दोन नवे संघ काढणार होती. कोणत्या शहराची लायकी आहे याच्या याद्या पेपरात रोज बदलत होत्या. नॅशव्हिल, पोर्टलंड, शार्लट, सॉल्ट लेक, आणि कधी चौथे तर कधी सहावे आम्ही, मॉन्ट्रियल. लोइकच्या नागरिक समितीनं कालव्यालगत, जिथे नवं स्टेडियम व्हायचं होतं त्या मोकळ्या मैदानात, पांढऱ्या पट्ट्या चिकटवून खुर्च्यांचे चौकोन आखले होते. यायचं, आपली जागा निवडायची, नावाची चिठ्ठी खिळ्यानं मातीत रोवायची. जूनमध्ये लीगची माणसं येतील तेव्हा त्यांना दिसायला हवं की या शहराला भूक आहे.

फर्नांद त्याला दारातूनच वाटेला लावणार होती. तेवढ्यात खिडकीपाशी रेआल बोलला, "पहिल्या बेसच्या मागे जागा आहे का?"

त्या दिवशी तो आमचा गोल लोखंडी जिना उतरला. वीस मिनिटं लागली. फर्नांद मागून त्याची कॉलर धरून होती आणि सगळा वेळ लोइकला शिव्या घालत होती.

मग ते रोजचंच झालं. सकाळी न्याहारी झाली की दोघं कालव्याकडे. रेआल आपल्या दोन चौकोनांवर घडीची खुर्ची मांडून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी वाद घालायचा. नॅशव्हिलवाल्यांकडे गाणी आहेत, त्यांना आणखी संघ कशाला? पोर्टलंडला निम्मा वेळ पाऊस. सॉल्ट लेकमध्ये सामन्याला बियर नीट मिळते का, ते आधी विचारा. महिन्याभरात तो वीस मिनिटांचा जिना सहा मिनिटांत उतरायला लागला. फर्नांद शेजारी उभी, तोंड कडू. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढंच ती रोज मला सांगायची, आणि मी म्हणायची की तुला चर्चच्या घंटेतही खोट दिसते.

जूनमध्ये लीगची माणसं आली. सातजण. समितीनं बँड लावला, लोकांनी टोप्या हलवल्या, रेआल पुढच्या रांगेत खुर्चीवरून उठून उभा राहिला. फर्नांद संध्याकाळी माझ्याकडे आली ती पायातले बूट न काढता.

"एकानंही छताचं विचारलं नाही," ती म्हणाली. "इथे एप्रिलमध्ये बर्फ असतो. ज्याला इथे खरंच खेळायचंय तो आधी छताचं विचारेल. ह्यांनी नुसते फोटो काढले."

मी तिला वेड्यात काढलं. दहा दिवसांनी तिनं मला माझ्याच कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि दूरच्या एका अमेरिकन शहराचा पेपर उघडायला लावला. तिथल्या संघाच्या मालकाला नवं स्टेडियम हवं होतं, नगर परिषद पैसे द्यायला कुरकुरत होती, सप्टेंबरात मतदान होतं. पहिल्याच पानावर आमचं मैदान होतं. आमच्या टोप्या, आमचा बँड, आणि मधोमध रेआल, उभा. वर लिहिलं होतं: आपल्या शहराचा संघ न्यायला मॉन्ट्रियल तयार आहे.

"आपण त्यांना दाखवायचा बागुलबुवा आहोत," फर्नांद म्हणाली. "आणि माझा नवरा त्या बागुलबुवाचं तोंड आहे."

मला इतका संताप आला की मी कॉम्प्युटर बंद करून टाकला. नव्या संघाची थाप मारून त्यांनी म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या सौद्यासाठी उभं केलं होतं. लोइकला हे ठाऊक होतं की तोही फसला होता, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. मी म्हटलं, वर जा आणि रेआलला सांगून टाक. ती तोंडावर बोलणारी बाई, पाद्र्यालाही त्याची वाइन आंबट आहे असं ऐकवलेली. ती तडक वर गेली. पाच मिनिटांत परत खाली आली.

"बुटाचे बंद बांधत होता," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी."

ती काही बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर मैदानावर गेली, त्याच्या पुढच्याही. कोणी विचारलं, काय फर्नांद, येतोय ना संघ, तर ती म्हणायची, बघू या. तिच्या तोंडून "बघू या" म्हणजे धडधडीत खोटं होतं, आणि ते तिला किती जड जायचं हे मी जवळून पाहिलंय.

सप्टेंबरात तिकडे स्टेडियम मंजूर झालं. दुसऱ्याच दिवशी मालकानं आपल्या शहरावरचं प्रेम जाहीर केलं, आणि आठवड्याभरात लीगनं नव्या संघांचा विषय तूर्त बाजूला ठेवला. लोइकचा फोन लागेना. महापालिकेची गवत कापणारी गाडी पट्ट्या आणि चिठ्ठ्या घेऊन गेली. रेआलनं हे सगळं रेडिओवर ऐकलं, रेडिओ बंद केला आणि खिडकीशी जाऊन बसला.

आठ दिवस त्यानं बूट घातले नाहीत. पायाची कसरत घ्यायला येणारी बाई फर्नांदला बाजूला घेऊन म्हणाली की असंच चाललं तर नाताळपर्यंत हा जिना त्याला जमणार नाही. त्या रात्री वरून कसलाच आवाज आला नाही, भांडणाचासुद्धा, आणि मला भीती वाटली.

नवव्या दिवशी दुपारी मी सूप घेऊन वर गेले. फर्नांदनं ते हुंगलंही नाही. ती ताटल्या पुसत होती, पाठमोरी.

"शार्लटचं बारगळतंय म्हणे," ती म्हणाली. "जागेचा घोळ झालाय. पुन्हा विषय निघाला की एक संघ उरणारच."

अशी कुठलीही बातमी नव्हती. मी खाली मान घालून सूप ढवळत राहिले.

रेआलनं मान वळवली. "तुला कोणी सांगितलं?"

"कोपऱ्यावरच्या दुकानात. एमेरीनं."

"एमेरी रविवारपासून बहिणीकडे गेलाय."

"मग त्याच्या बायकोनं सांगितलं असेल. मी काय तिचं तोंड न्याहाळत होते?"

"फर्नांद, तू थापा मारतेयस."

"जा मग. विचारून ये तिलाच."

रेआल वाकला आणि खुर्चीखालचे बूट ओढले. बंद बांधायला त्याला फार वेळ लागला. फर्नांद एकच ताटली पुसत राहिली, मदतीला गेली नाही. दारापाशी ती कोट घ्यायला लागली तर त्यानं तिला अडवलं.

"तू इथेच थांब," तो म्हणाला. "तू समोर असलीस तर ती तुझ्या खुणेनं बोलेल."

कठडा धरून, एकेक पायरी उतरत, तो एकटाच खाली गेला. आम्ही दोघी पडद्यामागे उभ्या होतो. तो फुटपाथवर पोचला, क्षणभर थांबला आणि दुकानाच्या दिशेनं वळला. फर्नांदचा चेहरा ओला झाला होता आणि तिनं तो पुसला नाही.

"दुकान बंद आहे," ती हळूच म्हणाली. "दारावर पत्ता लिहून चिठ्ठी लावलीय. ती बाई आज चर्चच्या बाजारात बसलीय, चार चौक पुढे."